नाका कोणता, हे आधी विचारा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही मजुरीवर, बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलणारच आहोत. परंतु या खेपेस आम्ही निराळा विषय निवडला. संगणकांच्या जाळ्यातून जी वाहतूक चालते तिची मोजदाद कशी करतात, त्या मोजदादीचा आलेख कसा काढतात आणि तो कसा वाचावा, हा तो विषय. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाने असल्या गोष्टीला हात घालावा, याचे काहींना नवल वाटले. आमचे उत्तर एवढेच की, पगारपत्रक वाचायलाही आम्हांला कोणत्या शाळेत शिकवले नव्हते. पोटाला चिमटा बसू लागला तेव्हा आम्ही ते शिकलो. हा आलेखही असाच, गरज पडली म्हणून शिकलो. ती गरज कशी पडली, तेच आधी सांगतो.

सन २०१७ मध्ये आमच्या भागातील एका कारखान्यात रवानगी विभागाच्या नऊ कारकुनांना एकाच दिवशी कारणे दाखवा नोटिसा मिळाल्या. आरोप असा : कारखान्याची इंटरनेटची लाइन रोज सकाळी साडेदहापासून दुपारी एकपर्यंत तुडुंब भरलेली असते, त्यामुळे मुख्य कचेरीतील संगणकाशी चालणारे काम अडते, चलने आणि गेटपास वेळेवर छापून निघत नाहीत, भरलेले ट्रक फाटकात उभे राहतात आणि वाहतूकदार खोळंब्याचे पैसे मागतात. लाइन भरते ती हे नऊ जण कामाच्या वेळी क्रिकेटचे सामने आणि सिनेमे पाहतात म्हणून. पुराव्यादाखल नोटिशीला एक रंगीत कागद जोडलेला होता. त्यावर चोवीस तासांचा आलेख, त्यात एक हिरवा डोंगर, आणि साडेदहा ते एक या वेळात तो डोंगर वरच्या रेघेला टेकलेला. खाली खुलासा : हिरवे म्हणजे आत येणारे. सिनेमा बाहेरून आत येतो, हिरवे म्हणजे आत येणारे, आणि हिरव्याने तर माथा गाठलेला. मग आणखी पुरावा तो काय पाहिजे? नऊ संसारांच्या भाकरीचा प्रश्न त्या एका कागदावर येऊन ठेपला होता, आणि तो कागद आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हता.

तेव्हा असा कागद तयार कसा होतो, हे मुळापासून पाहू.

ज्यांची वये चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना जकात नाके आठवत असतील. मुंबईचे नाके सर्वांत शेवटी, २०१७ च्या जुलैत, बंद झाले. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर एक नाका असे, आणि तिथला कारकून येणाऱ्या मालाची नोंद करी. संगणकांच्या जाळ्यात असेच एक चौकातले यंत्र असते. त्याला राउटर म्हणतात. त्याचे काम वाटाड्याचे. एका रस्त्याने आलेला माल पत्ता पाहून दुसऱ्या रस्त्याला लावून द्यायचा. ह्या चौकाला जितके रस्ते येऊन मिळतात तितकी त्याला तोंडे असतात. एकेका तोंडाला इंटरफेस असे नाव आहे. आपण त्याला नाकाच म्हणू. अगदी लहान कारखान्याच्या राउटरलाही निदान दोन नाके असतातच : एक बाहेरच्या बाजूचा, जिथे कंपनीने भाड्याने घेतलेली लाइन येऊन मिळते, आणि एक आतल्या बाजूचा, जिथे कचेरीतील सगळे संगणक एकत्र येऊन जोडलेले असतात. हे दोन नाके श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

ह्या रस्त्यांवरून माल जातो तो लहान लहान पाकिटांतून. चिठ्ठी असो, चित्र असो की सिनेमा असो, त्याचे तुकडे करून एकेका पाकिटात घालतात आणि प्रत्येक पाकिटावर कोणाकडून व कोणाकडे ते लिहितात. एका पाकिटात साधारणपणे पंधराशे बाइटपर्यंत माल मावतो. बाइट हे ह्या मालाचे वजन. इंग्रजी लिपीतील एक अक्षर लिहायला एक बाइट लागतो. आपल्या लिपीतला नुसता ‘क’ आजच्या प्रचलित पद्धतीने लिहायचा तर तीन लागतात.

आता नाक्यावरचा मोजणीदार पाहा. राउटर आपल्या प्रत्येक नाक्यावर मुख्यतः दोन आकडे बाळगतो : यंत्र सुरू झाल्यापासून ह्या नाक्यातून किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले. पाकीट गेले की आकडा तितका पुढे सरकतो. हा मोजणीदार अगदी घरच्या पाण्याच्या मीटरसारखा आहे. पाणी कोणी वापरले, कशाला वापरले, सकाळी वापरले की रात्री, हे मीटरला ठाऊक नसते; ते फक्त एकूण सांगते. नगरपालिकेचा माणूस दोन महिन्यांनी येतो, नवा आकडा लिहून घेतो, त्यातून जुना वजा करतो, तेव्हा कुठे खप समजतो. राउटरच्या बाबतीतही कोणीतरी ठरावीक वेळाने जाऊन आकडा विचारावा लागतो. हे विचारण्याची एक सर्वमान्य रीत १९८८ साली मांडली गेली आणि १९९० साली पक्की झाली. १९९१ साली कोणत्या आकड्याला काय म्हणायचे त्याची यादीही ठरली. त्यामुळे राउटर कोणत्याही कंपनीचा असो, एकच प्रश्न विचारला की एकाच भाषेत उत्तर मिळते.

एक हिशेब करून दाखवतो. दहा वाजता एका नाक्याने आत आलेल्या बाइटांचा आकडा ५०,००,००,००० असा सांगितला. दहा वाजून पाच मिनिटांनी तोच आकडा ५३,७५,००,००० झाला. वजाबाकी केली : ३,७५,००,००० बाइट. पाच मिनिटांचे सेकंद ३००. भागाकार केला की सेकंदाला १,२५,००० बाइट पडतात. लाइनची रुंदी मात्र बाइटांत सांगत नाहीत, बिटांत सांगतात, आणि एका बाइटाचे बिट आठ. म्हणून आठाने गुणले : सेकंदाला दहा लाख बिट, म्हणजेच एक मेगाबिट. दहा मेगाबिटची लाइन असेल तर ती त्या पाच मिनिटांत एकदशांश भरली होती. प्राथमिक शाळेतल्या वजाबाकी, भागाकार आणि गुणाकार यांपलीकडे ह्यात काही नाही. हाच हिशेब दर पाच मिनिटांनी केला की दिवसाला २८८ बिंदू मिळतात. ते कागदावर शेजारी शेजारी मांडले की आलेख झाला.

ह्या मोजणीत एक खोच आहे. जुन्या स्कूटरचा मैलाचा काटा ९९९९९ वर पोचला की पुन्हा शून्यावर येई, हे पुष्कळांना ठाऊक असेल. राउटरचा जुना मोजणीदारही असाच फिरून शून्यावर येतो. त्याची हद्द ४,२९,४९,६७,२९६. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. पण शंभर मेगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहू लागली तर पावणेसहा मिनिटांत हा काटा एक फेरी पूर्ण करतो, आणि हजार मेगाबिटची असली तर चौतीस सेकंदांत. पाच मिनिटांनी आकडा विचारायला जाणाऱ्याला मधल्या आठ फेऱ्या झाल्याचा पत्ताच लागणार नाही, आणि भरलेली लाइन त्याला जवळजवळ मोकळी दिसेल. म्हणून १९९० च्या दशकात दुप्पट लांबीचे मोजणीदार आले. हजार मेगाबिटच्या लाइनवर त्यांची फेरी पूर्ण व्हायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतात. उलट प्रकारही घडतो. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की आकडा शून्यावर येतो. हिशेब करणाऱ्याने तो काटा फिरून आला असे समजून वजाबाकी केली, तर आलेखावर आभाळाला भिडणारा सुळका उठतो आणि प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते. यंत्र खोटे बोलत नाही. पण त्याला काय विचारले आणि उत्तराचा अर्थ काय लावला, ही माणसाची जबाबदारी.

आलेखाचा हा प्रकार लोकप्रिय कसा झाला, तो इतिहास सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये लेस्टर नावाच्या गावी द मॉन्टफर्ट विद्यापीठ आहे. सन १९९४ च्या उन्हाळ्यात तिथे एक हजाराहून अधिक संगणक जाळ्याला जोडलेले होते, आणि ह्या सर्वांसाठी बाहेरच्या जगाशी लाइन होती ती फक्त ६४ किलोबिटची. म्हणजे सेकंदाला आठ हजार बाइट. हजार माणसांच्या चाळीला एक नळ असावा, तशातला प्रकार. अधिक रुंद लाइन आणखी वर्षभर मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा निदान नळाची आजची अवस्था काय आहे हे तरी सर्वांना दिसावे, म्हणून टोबियास अटिकर यांनी एक कार्यक्रम लिहिला. तो दर पाच मिनिटांनी राउटरला आकडे विचारी आणि त्यांचे चित्र करून विद्यापीठातील कोणालाही पाहता येईल असे ठेवी. आत येणारे हिरव्या डोंगराने आणि बाहेर जाणारे निळ्या रेघेने दाखवण्याची रूढी त्यानेच पाडली. त्याचे नाव एमआरटीजी. अनेक राउटरांच्या वाहतुकीचे आलेख काढणारा, असा त्याचा अर्थ. सन १९९५ च्या वसंतात अटिकर यांनी तो सर्वांना फुकट वापरायला दिला आणि पाहता पाहता तो जगभर पसरला. पुढे डेव्ह रँड यांनी त्यातला हिशेबाचा आणि चित्राचा भाग अधिक वेगाने चालेल असा लिहून दिला. त्याच १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

आम्हांला ह्या हकिगतीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा आलेख जन्माला आला तो कोणाला पकडण्यासाठी नव्हे. टंचाई सर्वांची आहे, तर तिचा हिशेबही सर्वांसमोर असावा, ह्या बुद्धीने तो जन्माला आला.

आता आलेख वाचताना सर्वांत मोठी फसगत कशाने होते, ते सांगतो. ती होते सरासरीने. अटिकर यांनी सगळे आकडे कायमचे साठवले नाहीत. तसे केले असते तर वही फुगतच गेली असती. त्यांनी युक्ती केली ती अशी की, ताजे आकडे बारीक ठेवायचे आणि जुने ठोकळ करीत जायचे. म्हणून दिवसाचा आलेख पाच मिनिटांच्या सरासरीचा, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या सरासरीचा, महिन्याचा दोन तासांच्या आणि वर्षाचा एका पूर्ण दिवसाच्या सरासरीचा असतो. आता समजा, लाइन रोज पाव तास पूर्ण तुंबते आणि पुढचा पावणेदोन तास रिकामी असते. महिन्याच्या आलेखावर ती किती भरलेली दिसेल? फक्त एकअष्टमांश. तो कागद पाहून अधिकारी म्हणणार, “लाइन तर मोकळी आहे, तक्रार खोटी आहे.” आणि त्या पाव तासात ज्याचे काम अडले तो वेडा ठरणार. कारखान्यात हे आम्ही नेहमी पाहतो. महिन्याच्या सरासरीने कामाचा बोजा हलकाच दिसतो. पण महिनाअखेरच्या चार दिवसांत माणसांनी रात्री कशा काढल्या, ते सरासरी सांगत नाही. म्हणूनच ह्या कार्यक्रमात प्रत्येक काळातील सर्वांत उंच टोकाची वेगळी रेघ काढण्याची सोय आहे. ती मागून घ्यावी.

मोठ्या लाइनांचे बिलही पुष्कळदा ह्याच मोजणीवर ठरते. तीस दिवसांचे पाच-पाच मिनिटांचे आकडे ८,६४० होतात. ते चढत्या क्रमाने लावून वरचे शेकडा पाच, म्हणजे ४३२ आकडे, सोडून देतात आणि उरलेल्यांत जो सर्वांत मोठा त्यावर पैसे आकारतात. महिन्यातील सर्वांत जड छत्तीस तास माफ होतात, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

आता कारखान्याच्या त्या कागदाकडे वळू. आमच्या संघटनेत एक तरुण सभासद आहे. दिवसा तो एका ठेकेदाराकडे तारा ओढण्याचे काम करतो. आम्ही त्याला तो कागद दाखवला आणि म्हटले, “बाबा रे, हे काय आहे ते सांग.” त्याने बराच वेळ पाहिले. हिरव्या डोंगराकडे त्याचे लक्षच नव्हते. कागदाच्या वर बारीक इंग्रजी अक्षरांत काही लिहिले होते, ते तो वाचत होता. मग म्हणाला, “काका, हा बाहेरच्या नाक्याचा आलेख नाही. हा आतल्या नाक्याचा आहे.”

“मग काय झाले?” आम्ही विचारले.

“सगळे उलटे झाले, काका.”

त्याने आम्हांला जे समजावले तेच श्रोत्यांपुढे ठेवतो. आलेखातले ‘आत’ म्हणजे कारखान्याच्या आत नव्हे. ‘आत’ म्हणजे राउटरच्या आत. बाहेरच्या नाक्यावर राउटरच्या आत जे शिरते ते जगाकडून कारखान्याकडे येत असते. तिथे ‘हिरवे म्हणजे आत येणारे’ हे आपल्या समजुतीप्रमाणे बरोबर आहे. पण आतल्या नाक्यावर राउटरच्या आत जे शिरते ते कारखान्यातील यंत्रांकडून आलेले असते आणि जगाकडे जायला निघालेले असते. एकच पाकीट एका नाक्यावर ‘आत’ मोजले जाते आणि दुसऱ्यावर ‘बाहेर’. म्हणजे त्या हिरव्या डोंगराचा खरा अर्थ असा होता की, रोज साडेदहा ते एक कारखाना बाहेरून काही ओढत नव्हता. कारखाना काहीतरी बाहेर पाठवत होता, आणि तेही लाइन फुटेपर्यंत. सिनेमा पाहणारा माणूस माल आत ओढतो. त्याच्याकडून बाहेर जातात त्या फक्त ‘मिळाले, मिळाले’ अशा लहान लहान पोचपावत्या. नऊच काय, नव्वद जणांनी सिनेमा पाहिला असता तरी आतल्या नाक्यावर हिरवा डोंगर नव्हे, निळी रेघ माथ्याला लागली असती. त्या कागदावर निळी रेघ तर तळाशी सरपटत होती.

चौकशीच्या दिवशी आम्ही व्यवस्थापकांना म्हटले, “साहेब, आमची दुसरी काही मागणी नाही. हा आलेख कोणत्या नाक्याचा, एवढे आपल्या तंत्रज्ञांना आमच्यासमोर विचारा.” तंत्रज्ञ प्रामाणिक माणूस होता. त्याने वरची ओळ वाचली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आतल्या बाजूचा आहे, सर.” मग त्याने स्वतःहून एक गोष्ट सांगितली. बाहेर जाण्याची वाट तुंबली की आत येणारे कामही रखडते, कारण पोचपावती बाहेर गेल्याशिवाय पुढचे पाकीट येत नाही. चलने अडत होती ती त्यामुळे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रसंग त्या एका ओळीने टळला.

पण मग पाठवत काय होते, आणि कोण? इथे मीटरची मर्यादा संपते. नाक्यावरचा आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘कोणाचे’ ते सांगत नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारची वही लागते. सिस्को कंपनीने १९९६ साली आपल्या राउटरांत ती आणली आणि तिला नेटफ्लो असे नाव दिले. तिच्यात प्रवाहांची नोंद असते. प्रवाह म्हणजे एका संभाषणातली सगळी पाकिटे. कोणाकडून आले, कोणाकडे चालले, दोन्ही टोकांना कोणती खिडकी, वाहतुकीचा नियम कोणता, दर्जा कोणता आणि कोणत्या नाक्यावरून आत शिरले, ह्या सात गोष्टी ज्या पाकिटांत सारख्या ती एका प्रवाहाची. संभाषण काही सेकंद थंडावले, किंवा फार लांबले, की राउटर त्याची एक ओळ लिहून मोकळा होतो : सुरू केव्हा, संपले केव्हा, पाकिटे किती, बाइट किती. पाकिटाच्या आतला मजकूर ह्या वहीत येत नाही. पोस्टातल्या माणसाने लिफाफ्यावरचे पत्ते आणि वजन लिहून ठेवावे, पण पत्र फोडू नये, तशी ही नोंद. सन २००८ मध्ये तिचे सर्वांसाठी एक सामाईक मानक झाले. फार मोठ्या लाइनांवर प्रत्येक पाकीट पाहणे परवडत नाही; तिथे शेकड्यांतून किंवा हजारांतून एक पाकीट नमुन्यादाखल काढून अंदाज बांधतात. शिते पाहून भाताची परीक्षा, तोच प्रकार.

ह्या वहीचे सामर्थ्य किती, त्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील आवारात घड्याळाची अचूक वेळ सांगणारे एक सार्वजनिक यंत्र होते. सन २००३ च्या मे महिन्यात त्याच्यावर वेळ विचारणाऱ्या पाकिटांचा अचानक लोंढा आला. जूनपर्यंत तो सेकंदाला अडीच लाख पाकिटांवर गेला. नुसत्या आकड्यावरून पाहणारा म्हणाला असता, कोणी शत्रूने हल्ला केला. पण तिथल्या डेव्ह प्लॉन्का यांनी प्रवाहांची नोंद पाहिली, तेव्हा जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून येणाऱ्या ह्या पाकिटांवर मूळ खिडकीचा क्रमांक एकच दिसला : २३४५७. इतक्या माणसांना एकच क्रमांक सुचणे शक्य नव्हते. म्हणजे करणारे यंत्रच एका साच्याचे. शोध घेता नेटगिअर कंपनीच्या घरगुती राउटरांपर्यंत माग लागला. अशी सात लाखांहून अधिक यंत्रे बनली होती; त्यांच्यात ह्या विद्यापीठाचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर मिळाले नाही तर ती दर सेकंदाला पुन्हा विचारीत. घरोघरच्या मालकांना ह्याचा पत्ताही नव्हता. कंपनीने पुढे दुरुस्ती केली आणि विद्यापीठाला आर्थिक साहाय्यही दिले. गुन्हेगार समजून ज्यांच्या मागे लागले असते ते सगळे निरपराध होते.

आमच्या कारखान्यातही तीन दिवस ही वही लिहिली गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंत्रज्ञाने सर्वांत जड ओळी वर काढल्या. वरच्या सगळ्या ओळींत पाठवणारा एकच : भिंतीवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारे यंत्र. आणि घेणारा पत्ता मुख्य कचेरीतला. तिथे कोणीतरी रोज साडेदहाला येऊन कारखान्यातील सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे आपल्या पडद्यावर एकदम उघडून ठेवीत असे आणि एक वाजता जेवायला जाताना ती बंद करीत असे. कामगार काम करतात की नाही हे पाहण्यासाठी लावलेले कॅमेरेच कामगारांचे काम अडवत होते. नोटिसा मागे घेण्यात आल्या.

इथे आम्ही स्वतःच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. त्याच वहीत आमच्या नऊ जणांपैकी दोघे जेवणाच्या सुट्टीत क्रिकेट पाहत असल्याचे दिसले. माल थोडा होता आणि वेळही सुट्टीची होती, पण लाइन कारखान्याची होती. आम्ही दोघांना बोलावून सांगितले, “सामना बघायचा तर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने बघा. उद्या तुमच्यासाठी भांडायला आम्हांला तोंड राहिले पाहिजे.”

आणि आणखी एक गोष्ट दिसली, तिने आमची झोप उडवली. एका मुलाच्या संगणकावरून नोकऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या एका ठिकाणी रोज थोडी पाकिटे जात होती. किती बाइट, ते नगण्य. पण खोलीतला एक अधिकारी ती ओळ वाचून हसला. आम्ही तिथल्या तिथे ते पान बंद करायला सांगितले. पत्र न फोडता नुसते लिफाफ्यावरचे पत्ते वाचले, तरी माणसाच्या मनात काय चालले आहे ते कळू शकते. मीटर वाचणे निराळे आणि ही वही वाचणे निराळे. पहिल्यात नळ दिसतो, दुसऱ्यात माणूस दिसतो. म्हणून पहिला सर्वांना दिसला पाहिजे. आणि दुसरी गरजेपुरती, ठरलेल्या मुदतीपुरती, दोन्ही बाजूंच्या देखत उघडली पाहिजे.

आपल्यापैकी कोणाच्या कचेरीत, शाळेत किंवा सोसायटीत असा रंगीत कागद उद्या पुढे आला, तर घाबरून जाऊ नका. चार प्रश्न विचारा. हा आलेख कोणत्या नाक्याचा आहे? त्या नाक्यावर ‘आत’ म्हणजे कुठून कुठे? एकेक बिंदू किती वेळाच्या सरासरीचा आहे? आणि कोणाचे किती, ह्याची वही ठेवली असेल तर ती कोणापाशी आहे व किती दिवस राहणार आहे? ह्यांची उत्तरे देण्यापूर्वी कोणी कोणाला दोषी ठरवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

त्या प्रकरणाच्या शेवटी व्यवस्थापनाशी जी तडजोड झाली तीत आम्ही एक लहान कलम घालून घेतले : लाइनचा दिवसाचा आलेख, नाक्याच्या नावासह, रवानगी विभागाच्या सूचनाफलकावर रोज लावावा. सुरुवातीस कोणी त्याच्याकडे पाहत नसे. पुढे एकदा आम्ही गेलो असता, ज्या नऊ जणांना नोटिसा मिळाल्या होत्या त्यांतलीच एक बाई फलकापाशी उभी राहून नव्या मुलाला सांगत होती, “आधी वरची ओळ वाच. नाका कोणता ते बघ. हिरवे-निळे मग.”